उजवी बाजू फुगून राहिली

पल्लवी, इकडे सरक वं जरा. कागदावर का होईना, पण जवळ बस, कारण मला तुझा कान धरायचा आहे. तू तुझ्या नर्सिंग कॉलेजात काय सांगत फिरतेस? आमच्या आजीनं ऑपरेशन चालू असताना डॉक्टरची चूक पकडली म्हणे! पेशंटचा जीव वाचवला म्हणे! तुझ्या बापानं फोनवर कौतुकानं सांगितलं आणि माझी निवडायची भाजी तशीच ताटात राहिली. असं नसतं बोलायचं, बाई. मी कोणाची चूक पकडली नाही. झालं ते असं झालं की चूक कोणाची, हेच आम्हाला बराच वेळ कळलं नव्हतं. आता नीट ऐक, आणि यापुढे सांगायचंच असेल तर असं सांग.

दुपारचा एक वाजून गेला होता. टेबलावर मेश्राम मास्तर, छाती उघडलेली. हृदयाचं काम करणारा पंप नुकताच बंद केला होता आणि मास्तरांचं हृदय तीन तासांनी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चालत होतं. आमचे सर्जन, दातार सर, वाकून मागच्या शिवणीतून येणारं रक्त थांबवत होते. मी त्यांच्या समोरच्या बाजूला, मास्तरांच्या कमरेजवळ उभी, हातात दोरा ओवलेली सुई तयार. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या हृदयाची उजवी बाजू हळूहळू वर येत होती. आंबवलेलं पीठ पातेल्यात वर येतं ना, तशी.

पण तिथं जायच्या आधी तुला मास्तर माहीत झाले पाहिजेत.

मेश्राम मास्तर कोराडीच्या एका शाळेत शिकवायचे. वय तिशीच्या आत. उंची अशी की आमच्या वॉर्डातल्या खाटेबाहेर पाय निघायचे, म्हणून आम्ही पायथ्याशी स्टूल लावून त्यावर उशी ठेवली होती. बोटं लांबलचक, अंग बारीक. सगळा वॉर्ड त्यांना ‘लंबे गुरुजी’ म्हणायचा. पहिल्या दिवशी मी बीपी घ्यायला गेले तर म्हणाले, “सिस्टर, आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्यावर राख बसलेली असते, पॉवर हाऊसची. खालची पोरं पुसतात, वरची मी पुसतो. तेवढ्यासाठीच ठेवलं मले नोकरीवर.”

त्यांची बायको सुमन बाजूला बसली होती. ती म्हणाली, “बीपी घेताना बोलू नका म्हणतात न तुम्हाले? चूप बसा न जरा.”

“मास्तर चूप बसला तर पगार कोण देईन वं?”

असे होते ते.

त्यांचं दुखणं म्हणजे हे. हृदयातून जी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी निघते तिला आम्ही एओर्टा म्हणायचो. ती जिथून निघते तो बुडखा म्हणजे रूट. उंच, बारीक, लांब बोटांच्या काही माणसांत अंगाला जोडून ठेवणारा धागाच जन्मापासून सैल असतो. मास्तरांचा तो बुडखा सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसा फुगला होता. फुगा कधी फुटेल याचा भरवसा नाही. फुटला तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही.

त्या बुडख्यात एक झडप असते, व्हॉल्व्ह. बुडखा फुगला की झडपेची पानं एकमेकांना पुरत नाहीत आणि रक्त उलटं गळतं. आणि झडपेच्या जरा वर दोन बारीक नळ्या फुटतात, एक डावी, एक उजवी. त्या कॉरोनरी. हृदय सगळ्या अंगाला जेवू घालतं, पण ते स्वतः जेवतं ते या दोन नळ्यांतून. एवढं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

ऑपरेशन असं असतं. फुगलेला बुडखा आणि गळकी झडप दोन्ही बाद करायची. त्या जागी कापडाची नळी बसवायची, तिच्या तोंडाशी धातूची झडप शिवलेली असते. मग त्या नळीला दोन भोकं पाडून दोन्ही कॉरोनरींची तोंडं तिथं शिवायची. हे सगळं करताना हृदय थांबवलेलं आणि रिकामं असतं, रक्त फिरवायचं काम पंप करतो. खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. माप रिकाम्या हृदयावर घ्यायचं आणि ते बसलं पाहिजे भरलेल्या हृदयावर. रिकाम्या पोत्यावर ठिगळ कुठं लावायचं ते ठरव आणि मग पोतं भरून बघ. तुझं ठिगळ भलतीकडेच गेलेलं दिसेल.

आमचे दातार सर पुण्याचे. मोठ्या ठिकाणी शिकून आमच्या दवाखान्यात येऊन त्यांना चार महिने झाले होते. आवाज कधी चढवला नाही. ऑपरेशन चालू असताना “सिस्टर, जरा कात्री देता का?” असं विचारणारा सर्जन मी तोपर्यंत पाहिला नव्हता. आम्हाला हत्यारं हवेत झेलायची सवय. पहिल्या आठवड्यात आम्ही चेंजिंग रूममध्ये त्यांची नक्कल करायचो, “ताई, जरा डबा देता का?” बाकी सरांचं मराठी ऐकायला गोड. छापल्यासारखं.

मी काही हार्टचं शिकून आलेली नव्हते. नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं, पण थिएटरचं काम मी उभं राहून शिकले. हत्यारांची नावं वहीत लिहून घरी पाठ करायची. तू आता ज्या जाड पुस्तकातून शिकतेस, ते तेव्हा इथं कोणाजवळ होतं?

सरांनी मास्तर आणि सुमन दोघांना बसवून सरळ सांगितलं. “हे ऑपरेशन मी दुसरीकडे केलं आहे. या दवाखान्यात मात्र हे पहिलंच. तुम्हाला मुंबईला जायचं असेल तर मी चिठ्ठी देतो, मला अजिबात वाईट वाटणार नाही. पण फार दिवस थांबू नका.”

मास्तर म्हणाले, “प्रवासात फुटला तर?”

सर म्हणाले, “तो धोका आहे.”

संध्याकाळी सुमननं मला जिन्यात गाठलं. कोराडीच्या बसनं रोज डबा घेऊन यायची, तिच्या पदरावर सुद्धा ती राख असायची. माझा हात धरून म्हणाली, “बाई, तुम्ही रोज आत उभ्या राहता. मले खरं सांगा. तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही इथंच केलं असतं काय?”

पल्लवी, अशा वेळी काय सांगायचं ते कोणत्याच कॉलेजात शिकवत नाहीत. डॉक्टरांना विचारा, असं म्हणून मी निघून जाऊ शकत होते. तसंच म्हणायचं असतं. पण तिनं हात सोडला नव्हता. मी म्हटलं, “केलं असतं.”

ती म्हणाली, “मंग झालं.” आणि दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर सही केली. मास्तरांनी पण केली, झोकदार, फळ्यावर लिहावी तशी.

खरं सांगू? मला काहीच माहीत नव्हतं. मी सरांचे हात पाहिले होते, तेवढ्यावर बोलून बसले. त्यानंतर ते ऑपरेशन फक्त सरांचं राहिलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आठला सुरुवात झाली. सरांचा एक नियम होता, हृदयाचं कोणतंही ऑपरेशन असो, दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जंतू मारायच्या औषधानं रंगवून तयार ठेवायचे. पायाची शीर काढून हृदयाला लावता येते, म्हणून. झडपेच्या केसमध्ये त्याचं काय काम, असं मला वाटायचं. त्या दिवशी तर मी बोलूनच गेले, “सर, यांचा पाय केवढा लांब हाय, अर्धी बाटली जाते.”

सर म्हणाले, “जाऊ द्या, सिस्टर. वाया गेली तर बरंच आहे.”

सगळं नीट चाललं होतं. पंपवर पांडेजी होते. ते जबलपूरकडचे, हिंदी बोलायचे. माझं त्यांच्याशी सगळं बोलणं हिंदीतच, आपलं नागपुरी हिंदी. डोक्याजवळ भूल देणाऱ्या मॅडम, सरांच्या समोर असिस्टंट डॉक्टर, तो मद्रासचा. सरांनी नळी शिवली, डावी कॉरोनरी शिवली, उजवी शिवली. हृदय भरलं, चालू झालं. आम्ही सगळ्यांनी मास्कच्या आत श्वास सोडला. पंप हळूहळू कमी करत बंद केला.

तेव्हा उजवी बाजू जरा सुस्त वाटली. सरांनी पण पाहिलं. म्हणाले, “हवा असेल.” हृदय उघडलं की आत हवा राहते, आणि उजव्या कॉरोनरीचं तोंड वरच्या अंगाला असल्यामुळे एखादा बुडबुडा तिच्यात शिरतो. चार-पाच मिनिटांत तो पुढे सरकतो आणि बाजू पुन्हा जोर धरते. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तेवढ्यात मागच्या शिवणीतून रक्त यायला लागलं. सर त्या बाजूला वाकले. म्हणाले, “सिस्टर, उजव्या बाजूवर लक्ष ठेवा. काही बदललं तर सांगा.”

मी लक्ष ठेवलं. एक मिनिट गेलं असेल. बाजू वर यायला लागली.

मी म्हटलं, “सर, उजवी बाजू फुगून राहिली.”

सर मान वर न करता म्हणाले, “बरं. वेळ द्या तिला.”

डोक्याजवळून मॅडम म्हणाल्या, “प्रेशर नव्वद.”

“रक्त जातंय म्हणून. हा टाका घेतो की थांबेल.”

मी टाक्याची सुई दिली. परत पाहिलं. बाजू ताणली होती आणि तिचा रंग बदलत होता, लाल मावळून जांभळट. आकसणं जवळजवळ बंद. मी जरा मोठ्यानं म्हटलं, “सर, फुगून राहिली!”

“ऐकलं मी, सिस्टर. असू द्या.”

आता मी काय करू? ज्यानं लक्ष ठेवायला सांगितलं तोच असू द्या म्हणतो. मला वाटलं, सरांना माहीत आहे. मोठा माणूस आहे, त्यानं काहीतरी विचार केला असेल. पण डोळ्यांना दिसत होतं ते दिसतच होतं, आणि कानात सुमनचं “मंग झालं” वाजत होतं. मॅडम म्हणाल्या, “पंच्याऐंशी. औषध वाढवते.”

सरांना तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण तुझ्या गोष्टीत आजी फार शूर आहे. मी फक्त पांडेजींकडे वळले. पंपच्या नळ्या अजून जोडलेल्याच होत्या. म्हटलं, “पांडेजी, लाइन मत निकालना. राइट साइड फूल रहा है. अभी भी फूल रहा है.”

सरांचा हात थांबला. मान वर आली.

“काय? आत्ता फुगतेय? वाढतेय?”

“हो न सर! तेच तर मी सांगून राहिली!”

सरांनी एकदाच पाहिलं. त्यांच्या कपाळाचा रंग पण गेला. पण आवाज तसाच. “परत पंपवर. पांडे, चालू करा.”

पांडेजींचा हात आधीच नळी दाबून धरणाऱ्या क्लॅम्पवर होता. नशीब असं की रक्त पुन्हा गोठायला लागावं म्हणून जे औषध देतात ते अजून दिलं नव्हतं. आधी टाका, मग औषध, असं सरांनी ठरवलं होतं. दिलं असतं तर पंप इतक्या लवकर सुरू करता आलाच नसता. पंप फिरला, हृदय रिकामं झालं, आणि ती जांभळी बाजू माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली, मऊ झाली.

आता शोधायचं काय? रिकाम्या हृदयावर उजवी कॉरोनरी सरळ दिसत होती. शिवण सुंदर. कुठं काही नाही. असिस्टंट म्हणाला, हवाच होती. सर म्हणाले, “थांब. पांडे, हृदय थोडं भरा. थोडंच.”

पांडेजींनी भरलं. हृदय वर आलं, तशी ती उजवी कॉरोनरी शिवणीपासून बोटभर अंतरावर दुमडली. बागेत पाण्याची रबरी नळी मोडते ना, आणि पुढे थेंब थेंब येतं, तशी. रिकामं केलं की पुन्हा सरळ. सरांनी तीनदा भरून पाहिलं. तीनही वेळा तोच मोड. म्हणजे हृदय भरलं की उजवी बाजू उपाशी.

“असं फार क्वचित होतं,” सर म्हणाले. मग थोडं थांबून, “पण माप मीच घेतलं होतं.”

ती शिवण उसवून पुन्हा शिवायची तर वेळ फार जाणार, आणि मास्तरांचा धागा कच्चा, दुसऱ्यांदा टाके धरतील की नाही कोणी सांगावं. सरांनी ठरवलं, पायाची शीर घ्यायची. तिचं एक टोक कापडी नळीला, दुसरं कॉरोनरीला, मोडाच्या पुढे. रस्ता खचला की बाजूनं कच्चा रस्ता काढून गाडी नेतात, तसं. पाय तर रंगवून तयारच होता. मी सरांकडे पाहिलं नाही. त्यांनीही बाटलीचं नाव काढलं नाही.

असिस्टंट शीर काढायला बसला. त्याला वीसेक मिनिटं लागणार होती. पंप फिरत होता, मास्तरांना धोका नव्हता, आणि सर हात छातीशी धरून उभे होते. मग म्हणाले, “सिस्टर, एक विचारू? तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

मला राग आला, बाई. रडू पण आलं. मास्कमध्ये नाक पुसता येत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, “सांगितलं न सर. दोनदा सांगितलं.”

“तुम्ही म्हणालात, फुगून राहिली.”

“हो.”

“म्हणजे मघाशी फुगली होती आणि तशीच राहिली आहे.”

“नाही सर! फुगून राहिली म्हणजे फुगून राहिली. आत्ता. चालू.”

सर माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे, फुगतेय?”

“तुम्ही तसं म्हणता. आम्ही फुगून राहिली म्हणतो.”

“आणि तशीच राहिली असती, तर काय म्हणाला असतात?”

“तशीच हाय म्हटलं असतं.”

पांडेजी पंपवरून म्हणाले, “सर, सीधा है. राहिला मतलब रहा है.”

सरांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, “मागच्या महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, पांडे येऊन राहिले.”

“रस्त्यात होते ते.”

“मी त्यांच्यासाठी चहा मागवला होता. मला वाटलं आलेत आणि आत बसलेत.”

“थंडा मिला था मुझे वो,” पांडेजी म्हणाले.

“आणि सात नंबरचा पेशंट उलटी करून राहिला?”

“करतच होता न, सर!”

“मला वाटलं, झाली एकदाची.” सर म्हणाले आणि मान हलवत राहिले. “चार महिने. चार महिने मी तुम्हा सगळ्यांचं ऐकतोय आणि मला वाटतंय की मला समजतंय.”

मॅडम डोक्याजवळ हसत होत्या, डोळ्यांवरून कळत होतं. मी हसले नाही. माझ्या मनात आलं, चार महिने मी पण यांचं छापील मराठी ऐकून मान हलवत होते. त्यांनी ‘काही बदललं तर’ म्हटलं होतं. मी जे सांगितलं ते त्यांच्या कानात ‘काही बदललं नाही’ असं पोचलं. दोघंही मराठीच बोलत होतो.

शीर निघाली. पुन्हा हृदय थंड औषधानं थांबवलं. सरांनी शिवलं. इतक्या बारीक टाक्यांचं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, केसाएवढा दोरा, आणि प्रत्येक टाका घेऊन झाल्यावर सर क्षणभर थांबायचे. मग पांडेजींनी हृदय भरलं. जुनी कॉरोनरी दुमडली, पण बाजूची शीर फुगून टपोरी झाली, तिच्यात ठोका दिसायला लागला.

पंप कमी केला. निम्मा. पाव. बंद.

सर या वेळी कुठंच वाकले नाहीत. तरी त्यांनी मला विचारलं. अगदी जपून, नवीन शब्द जिभेवर ठेवून पाहावा तसं.

“सिस्टर, उजवी बाजू काय करून राहिली?”

पल्लवी, मी दोन ठोके पाहिले, तिसरा पाहिला, मग म्हटलं, “आकसून राहिली, सर. चांगली आकसून राहिली.”

“म्हणजे आत्ता, चालू?”

“आत्ता, चालू.”

“प्रेशर एकशे दहा,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर यायला साडेपाच झाले. सुमन बाकावर बसलेली, मांडीवर डबा, तो तिनं उघडलाही नव्हता. सर तिच्याशी बोलायला स्वतः आले. एक नळी दुमडली, पायाची शीर लावली, त्यात वेळ गेला, पुढचे दोन दिवस काळजीचे, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे. सर गेल्यावर म्हणाली, “बाई, मले समजलं नाही ते सगळं. ते कसे हायेत?”

मी म्हटलं, “हृदय चालून राहिलं त्यांचं. आत्ता पाहून आली मी.”

तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि तिथंच, भिंतीला टेकून, पहिल्यांदा रडली. मी तिच्या बाजूला बसले. मला सांगायचं होतं की तुला ‘केलं असतं’ म्हटलं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं गं. नाही सांगितलं. डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी होती. दोघींनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या घशातली नळी काढली. आवाज बसलेला. मी ओठ ओले करायला गेले तर म्हणाले, “सिस्टर, पाय काहून दुखते? ऑपरेशन तर छातीचं होतं न?”

मी म्हटलं, पायातली शीर हृदयाला लावली.

थोडा विचार करून म्हणाले, “पुरली?”

“पुरून उरली.”

“मंग लंबे असल्याचा काही तरी फायदा झाला बा.”

सुमन म्हणाली, “आता तरी चूप बसा.” पण या वेळी तिनं ते फार हळू म्हटलं.

छातीचं हाड जुळेपर्यंत हात वर करायचे नाहीत, असं सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाईट वाटलं. फळ्याचं काय? मग स्वतःच तोड काढली. खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहीन, पहिल्या रांगेतल्या पोरांना पहिल्यांदाच नीट दिसेल. तीन आठवड्यांनी ते घरी गेले. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागली, ती सुमन रोज स्वतःच्या हातानं द्यायची. त्यांनी पुढे पुष्कळ वर्षं शिकवलं. दर हिवाळ्यात दवाखान्यात यायचे, पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन. सरांसाठी वेगळी पिशवी. सरांना त्या शेंगांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. मग मीच मिठाच्या पाण्यात उकडून द्यायची.

आमच्या थिएटरमध्ये त्या दिवसापासून एक पद्धत पडली. कोणी काही सांगितलं की ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं. मी म्हणायची, “रक्त येऊन राहिलं.” सर म्हणायचे, “म्हणजे आत्ता येतंय.” मी म्हणायची, “हो.” मग पुढचं काम. आम्ही त्याला ‘उलटं सांग’ म्हणायचो. तू मागे म्हणालीस, आता त्याला मोठं इंग्रजी नाव आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो. येऊ दे. तुला मार्क मिळोत.

सरांनी नंतर मला एकदा विचारलं होतं, की मी तिसऱ्यांदा का नाही सांगितलं. मी म्हटलं, भीती वाटली. ते म्हणाले, “मला ओरडणारा समजून?” मी म्हटलं, “नाही सर. तुम्हाला सगळं समजते असं समजून.”

तर यात मी कोणाची चूक पकडली, सांग बरं? मी बरोबर पाहिलं, बरोबर बोलले, आणि तरी ते पोचलं नाही. सरांनी बरोबर ऐकलं, पण त्यांच्या गावचं ऐकलं. त्या दोन-तीन मिनिटांत मास्तर गेले असते तर आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर होतो असंच समजून राहिलो असतो. तेव्हा सांगून मोकळं व्हायचं नाही. समोरच्याच्या कानात काय पोचलं ते विचारायचं. आणि डॉक्टर मोठा आहे म्हणून गप्प बसायचं नाही. मी बसले होते, तू बसू नको. आणि हो, पाय रंगवायची बाटली वाया जाते म्हणून कुरकुर करायची नाही.

बस, एवढंच. आता हे तुझ्या मैत्रिणींना असंच सांग, माझी भीती वगळू नको. आणि परीक्षा संपली की ये वं इकडे, दोन दिवसांसाठी नाही, चांगली आठवडाभर. माझे गुडघे आता धरमपेठेच्या बाजारापर्यंतही जात नाहीत, सोबत कोणी पाहिजे. तुझी खाट खिडकीशी लावून ठेवली आहे. लवकर ये.